डॉ. भाभांचे शेवटचे उड्डाण

२४ जानेवारी १९६६ हा दिवस आपल्या देशाच्या इतिहासात दोन कारणांनी नोंदला गेला. दिल्लीत त्या दिवशी इंदिरा गांधी यांनी पंतप्रधानपदाची शपथ घेतली. आणि त्याच सकाळी युरोपातील आल्प्स पर्वतात, मों ब्लां या शिखराच्या माथ्याजवळ, एअर इंडियाचे ‘कांचनजंगा’ हे बोइंग ७०७ जातीचे विमान आदळून नष्ट झाले. हिमालयातल्या शिखराचे नाव ल्यालेल्या विमानाचा अंत आल्प्सच्या सर्वोच्च शिखरावर व्हावा, हा केवढा विचित्र योगायोग! विमानातील ११७ जणांपैकी एकही वाचला नाही. त्या ११७ जणांत डॉ. होमी जहांगीर भाभा होते. वय अवघे ५६.

आमच्या कामोठ्यात सध्या विमान हा घरोघरचा विषय आहे. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले आणि त्याच वर्षी नाताळच्या दिवशी पहिली प्रवासी विमाने उडाली. चिंचपाडा, कोल्ही, कोपर, तरघर अशी गावे उठली, उलव्याची टेकडी कापली गेली, नदीचा प्रवाह वळवला गेला, तेव्हा कुठे ही धावपट्टी उभी राहिली. त्यातच १२ जून २०२५ चा अहमदाबादचा भीषण अपघात अजून कोणाच्या मनातून गेलेला नाही. त्यामुळे सोसायटीच्या गच्चीवर काय किंवा मानसरोवर स्थानकाच्या फलाटावर काय, विमानाचा विषय निघाला की गप्पा अपघातांवर येतात, आणि अपघातांवरून हमखास भाभांवर. मग कोणीतरी मला तो ठरलेला प्रश्न विचारतो. तो अपघात होता की घातपात?

हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे की, त्याचे उत्तर एकदा सविस्तर द्यावे असे वाटू लागले. पण ज्या माणसाच्या मृत्यूबद्दल आपण इतके बोलतो, त्याच्या आयुष्याबद्दल आपल्याला किती ठाऊक असते? म्हणून आधी आयुष्य, मग मृत्यू.

इंजिनियर व्हायचे होते, पण...

होमी भाभा यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ चा, मुंबईतला. घराणे सुशिक्षित, सुखवस्तू पारशी. वडील जहांगीर भाभा बॅरिस्टर, टाटा उद्योगसमूहाशी निकटचा संबंध असलेले. आत्या मेहेरबाई या सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी. घरात पुस्तके होती, पाश्चात्त्य संगीताच्या ध्वनिमुद्रिका होत्या, चित्रांचे ग्रंथ होते. मुलाच्या कानावर एकीकडे बीथोव्हेन आणि मोझार्ट पडत होते, तर दुसरीकडे पोलाद, वीज आणि कारखाने यांच्या गोष्टी.

कॅथेड्रल शाळा, मग एल्फिन्स्टन महाविद्यालय आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स असा टप्पा ओलांडून १९२७ साली ते केंब्रिजला गेले. वडिलांचा बेत सरळ होता. मुलाने यंत्र अभियांत्रिकी शिकावी आणि जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर यावे. मुलाचे मन मात्र भौतिकशास्त्रात अडकले. त्या काळी केंब्रिजमध्ये अणूच्या अंतरंगाचा शोध जोरात चालू होता. अशा वेळी पोलादाच्या भट्ट्यांत कोणाचे मन रमावे?

आपल्याकडे असे प्रसंग घरोघरी येतात आणि बहुधा रडारडीत संपतात. भाभांच्या घरी व्यवहार झाला. आधी अभियांत्रिकीत पहिला वर्ग मिळव, मग गणित शिकायलाही पैसे देईन, अशी अट वडिलांनी घातली. १९३० मध्ये मुलाने अभियांत्रिकीत पहिला वर्ग मिळवला आणि दोन वर्षांनी गणितातही. मला या प्रसंगाचे फार महत्त्व वाटते. कारण पुढे ज्या माणसाने अणुभट्ट्या उभ्या केल्या, त्याला समीकरण मांडता येत होते आणि नट-बोल्टही कळत होते. हा दुहेरी वारसा वडिलांच्या त्या अटीतून आला.

पुढची काही वर्षे भाभांच्या बुद्धीला बहर आला. इलेक्ट्रॉन आणि त्याचा प्रतिकण पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळून कसे विखुरतात, याचे गणित त्यांनी मांडले. भौतिकशास्त्रात ती क्रिया आजही भाभांच्याच नावाने ओळखली जाते. १९३७ मध्ये वॉल्टर हाइटलर यांच्यासह त्यांनी विश्वकिरणांच्या वर्षावाचा उलगडा केला. अवकाशातून आलेला एखादा अतिवेगवान कण वातावरणात शिरतो, त्यातून नवे कण जन्मतात, त्यांतून आणखी, आणि बघता बघता जमिनीकडे कणांचा पाऊस येतो. विशीत आणि तिशीच्या उंबरठ्यावर केलेले हे काम. १९४१ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.

सुट्टीवर आले आणि राहिले

१९३९ साली भाभा सुट्टीसाठी मायदेशी आले होते. सप्टेंबरात महायुद्ध पेटले आणि परतीची वाट बंद झाली. युद्ध नसते तर ते कदाचित केंब्रिजचेच झाले असते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत ते रुजू झाले. भौतिकशास्त्र विभागात तेव्हा सर सी. व्ही. रामन होते. तिथे विश्वकिरणांचे संशोधन चालू राहिले. त्यासाठी मोजमापाची उपकरणे युद्धकाळात विमानांतून उंच आकाशात नेली गेली. पुढे ज्या विमानाने भाभांचा घात केला, तेच वाहन एकेकाळी त्यांच्या प्रयोगशाळेचा वरचा मजला होते!

बंगळूरच्या त्या वर्षांत त्यांच्या मनाने कौल बदलला. देश स्वतंत्र होणार, त्याला विजेची भूक लागणार, आणि त्या वेळी तज्ज्ञ बाहेरून आणावे लागू नयेत, हा विचार पक्का झाला. जे. आर. डी. टाटा यांचे प्रोत्साहन होतेच. मार्च १९४४ मध्ये भाभांनी दोराबजी टाटा न्यासाला पत्र लिहून मूलभूत संशोधनाची संस्था काढण्याची योजना मांडली. लक्षात घ्या, हिरोशिमावर बॉम्ब पडायला तेव्हा सव्वा वर्षाहून अधिक अवकाश होता. १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू झाली. त्याच वर्षाअखेर ती पेडर रोडवरच्या ‘केनिलवर्थ’ बंगल्यात आली, पुढे गेट वेजवळच्या जुन्या यॉट क्लबात, आणि १९६२ मध्ये कुलाब्याच्या समुद्रकाठी स्वतःच्या देखण्या वास्तूत.

देखण्या हा शब्द मी मुद्दाम वापरला. भाभा स्वतः चित्रे काढत. वास्तूचा आराखडा, बागेतली झाडे, भिंतीवरची चित्रे, सगळीकडे त्यांची नजर असे. कुलाब्याच्या संस्थेत हुसेन यांचे भव्य भित्तिचित्र लागले आणि त्या पिढीच्या कित्येक चित्रकारांची चित्रे संस्थेने विकत घेतली. ज्या वेळी त्या चित्रकारांना फारसे गिऱ्हाईक नव्हते, त्या वेळी एका विज्ञानसंस्थेने त्यांना आश्रय दिला.

ऑगस्ट १९४८ मध्ये अणुऊर्जा आयोग स्थापन झाला आणि भाभा त्याचे अध्यक्ष झाले. पंडित नेहरूंचा त्यांच्यावर पूर्ण विश्वास होता. १९५४ मध्ये ट्रॉम्बेचे अणुऊर्जा केंद्र सुरू झाले. हार्बर लाइनने वाशीच्या पुलावरून मुंबईकडे जाताना डाव्या हाताला जो डोंगर दिसतो, त्याच्या पायथ्याशी, खाडीच्या काठावर हा सगळा पसारा आहे. ४ ऑगस्ट १९५६ रोजी ‘अप्सरा’ ही अणुभट्टी तिथे चालू झाली. सोव्हिएत संघ सोडला तर आशियातली ती पहिली. तिचे इंधन ब्रिटनमधून आले. रचना आणि उभारणी मात्र आपल्या माणसांची. त्याच्या आदल्या वर्षी, १९५५ मध्ये, अणुशक्तीच्या शांततामय उपयोगावरील संयुक्त राष्ट्रांच्या पहिल्या परिषदेचे अध्यक्षपद जिनिव्हात भाभांनी भूषविले होते. त्याच जिनिव्हाच्या वाटेवर अकरा वर्षांनी त्यांचा अंत झाला.

आपल्याकडे युरेनियम बेताचे, पण केरळच्या किनाऱ्यावरच्या वाळूत थोरियम मुबलक. ते वापरता यावे म्हणून भाभांनी तीन टप्प्यांचा अणुवीज कार्यक्रम आखला. त्यांच्या पाठबळाने विक्रम साराभाईंनी अवकाश संशोधनाची पायाभरणी केली आणि २१ नोव्हेंबर १९६३ रोजी थुंब्याहून पहिला अग्निबाण उडाला. इतके सारे एका माणसाच्या डोक्यात, आणि तो माणूस अविवाहित. संसार म्हणाल तर या संस्था हाच.

त्या सकाळी काय घडले?

जानेवारी १९६६ मध्ये भाभा व्हिएन्नाला निघाले होते. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या वैज्ञानिक सल्लागार समितीची बैठक होती. मुंबई, दिल्ली, बैरुत, जिनिव्हा, लंडन असा विमानाचा मार्ग. जिनिव्हा जवळ आले होते.

विमानात आपले स्थान कळण्यासाठी त्या काळी जमिनीवरच्या रेडिओ केंद्रांचा आधार घेत. एका केंद्राकडून फक्त दिशा कळते. दोन केंद्रांच्या दिशा एकमेकींना जिथे छेदतात, तिथे आपण आहोत, हा त्यातला हिशेब. त्यासाठी विमानात दोन ग्राहकयंत्रे असत. ‘कांचनजंगा’ बैरुतहून निघाले तेव्हा त्यातले एक नादुरुस्त होते आणि कप्तानाला ते ठाऊक होते.

फ्रेंच चौकशी समितीने मार्च १९६७ मध्ये आपला निष्कर्ष दिला, तो थोडक्यात असा. कप्तानाने मों ब्लांच्या संदर्भात आपण कुठे आहोत याचा अंदाज बांधला आणि तो चुकला. त्याने तो अंदाज जिनिव्हाच्या नियंत्रकाला कळवला. नियंत्रकाने रडारवर विमानाचे खरे स्थान पाहिले, चूक ओळखली आणि ती सुधारावी म्हणून संदेशही पाठवला. पण त्या संदेशाची शब्दयोजना पुरेशी काटेकोर नव्हती. कप्तानाचा समज झाला की, शिखराची धार आपण ओलांडली. त्याने विमान खाली उतरवणे चालू ठेवले. प्रत्यक्षात डोंगर अजून समोर होता.

एवढेच. एक नादुरुस्त यंत्र, एक चुकलेला अंदाज, एक मोघम वाक्य. यांतली कोणतीही एक गोष्ट नसती, तर भाभा त्या दिवशी दुपारी व्हिएन्नाच्या वाटेवर असते.

मग घातपाताची कथा आली कुठून? तिला कारणे आहेत, ती मी नाकारत नाही. तेरा दिवस आधीच, ११ जानेवारीला, लालबहादूर शास्त्री ताश्कंदमध्ये गेले होते. ऑक्टोबर १९६४ मध्ये चीनने अणुस्फोट केला होता आणि भारतही बॉम्ब करील का, याची चर्चा जगभर होती. त्या चर्चेच्या केंद्रस्थानी भाभा होते. परक्या गुप्तहेर संस्थांची नावे पुढे आली, पुस्तके निघाली, चित्रमालिकांना विषय मिळाला. पण सहा दशकांत टिकाऊ असा एकही पुरावा समोर आला नाही. उलट डोंगर आपल्या परीने साक्ष देत राहिला. त्याच शिखरावर ३ नोव्हेंबर १९५० रोजी एअर इंडियाचेच ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान आदळले होते आणि ४८ जण मृत्युमुखी पडले होते. त्या विमानात कोणी भाभा नव्हते. बॉसों हिमनदी आता दोन्ही विमानांचे अवशेष हळूहळू परत करते आहे. २०१२ मध्ये भारत सरकारच्या टपालाची पिशवी मिळाली, २०१३ मध्ये एका गिर्यारोहकाला रत्नांची पेटी मिळाली, २०२० मध्ये इंदिरा गांधींच्या निवडीची बातमी असलेली जानेवारी १९६६ ची वर्तमानपत्रे मिळाली.

आपल्या डोंगरांनीही हेच पाहिले

आल्प्स फार दूर. आपल्या अवतीभवती पाहा. १२ जुलै १९४९ रोजी डच कंपनीचे विमान भर पावसाळी ढगांत घाटकोपरच्या डोंगरावर आदळले, ४५ जण गेले. ७ जुलै १९६२ च्या रात्री इटलीचे विमान जुन्नर भागातल्या डोंगरावर कोसळले, ९४ जण गेले. आपण मुंबईच्या अगदी जवळ आलो असे वैमानिकांना वाटले आणि ते वेळेआधीच खाली उतरू लागले. मों ब्लांची चूक आमच्या सह्याद्रीत चार वर्षे आधीच घडून गेली होती.

पुढे चूक रूप बदलत गेली. १ जानेवारी १९७८ च्या संध्याकाळी सांताक्रूझहून उडालेले ‘एम्परर अशोक’ हे जंबो जेट दोन मिनिटांच्या आत वांद्र्यासमोरच्या समुद्रात पडले, २१३ जण गेले. विमान किती कलले आहे हे दाखवणारे कप्तानासमोरचे यंत्र बिघडले होते. खाली काळा समुद्र, वर काळे आकाश, क्षितिज नाहीच. कप्तानाने चुकीच्या यंत्रावर विश्वास ठेवला. बाकीची यंत्रे खरे सांगत होती. २६ एप्रिल १९९३ रोजी औरंगाबादला इंडियन एअरलाइन्सचे विमान उशिरा उचलले गेले आणि धावपट्टीच्या पलीकडच्या रस्त्यावर कापसाच्या गाठी भरलेल्या ट्रकला धडकले. ११८ पैकी ५५ जण दगावले. वैमानिकांची चूक होतीच, पण उड्डाणाच्या वेळी त्या रस्त्यावरची वाहतूक कोणी रोखली नव्हती, हेही चौकशीत निघाले. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणात चरखी दादरीवर दोन विमानांची आकाशात टक्कर होऊन ३४९ जण मेले. कझाकस्तानचे विमान नेमून दिलेल्या उंचीखाली उतरले होते आणि त्याच्या चमूचे इंग्रजी कच्चे होते. पुन्हा भाषाच!

अहमदाबादच्या दुर्घटनेत विमानातील २४२ पैकी एकच प्रवासी वाचला, जमिनीवरचेही १९ जण बळी पडले. उड्डाणानंतर काही सेकंदांतच दोन्ही इंजिनांचे इंधन बंद करणारे खटके बंद स्थितीत गेले, असे जुलै २०२५ च्या प्राथमिक अहवालाने नोंदवले. तो अहवाल यायच्या आतच आमच्या गच्चीवर तीन-चार निकाल लागून गेले होते.

इथेच मला भाभांच्या प्रश्नाचे मोल कळते. घातपात मानला की आपली सुटका होते. कोणीतरी दुष्ट होता, त्याने केले, संपले. आपण काही दुरुस्त करायचे उरत नाही. दैवगती म्हटले तरी तेच. पण कारण शोधले की काम अंगावर येते. आणि ते काम जगाने केले आहे. जमीन जवळ आल्याची सूचना देणारे यंत्र १९७० च्या दशकात विमानांत बसू लागले. ते फक्त खाली पाही, समोरचा कडा त्याला दिसत नसे. म्हणून १९९० च्या दशकात त्याला डोंगरांचा नकाशा जोडला गेला. १९७७ मध्ये टेनेरिफ बेटावर दोन जंबो जेट धावपट्टीवरच धडकून ५८३ जण मेले. त्यानंतर नियंत्रक आणि वैमानिक यांच्या बोलण्यातला शब्द न् शब्द तपासला गेला. उड्डाणाचा शब्द आता उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारायचा, एरवी नाही. चरखी दादरीनंतर दिल्लीत येणाऱ्या आणि जाणाऱ्या विमानांचे मार्ग वेगळे झाले आणि टक्कर टाळणारे यंत्र सक्तीचे झाले. यांतली एकही सुधारणा घातपाताच्या कथेतून निघाली नसती.

आम्हा कामोठेकरांना तर हे अधिकच समजून घ्यायला हवे. एका बाजूला माथेरान आणि प्रबळगडाचे डोंगर, पावसाळ्यात दिवसदिवस ढगांत बुडालेले; दुसऱ्या बाजूला खाडी, खारफुटी आणि पक्ष्यांचे थवे. विमानतळाच्या दहा किलोमीटरच्या परिसरात उघड्यावर कचरा टाकायला आणि जनावरे कापायला नियमाने मनाई आहे, कारण घाणीवर घारी येतात आणि घार इंजिनात गेली तर काय होते हे सांगायला नको. नाक्यावरची कचराकुंडी ओसंडून वाहते तेव्हा ती केवळ नगरपालिकेची बाब राहत नाही. औरंगाबादच्या त्या ट्रकलाही कोणी विमान अपघाताचे कारण मानले नसते, २६ एप्रिलची दुपार उजाडेपर्यंत.

भाभांच्या मृत्यूनंतर वर्षभराने, १२ जानेवारी १९६७ रोजी, ट्रॉम्बेच्या केंद्राला त्यांचे नाव दिले गेले. ज्यांच्या विमान कंपनीच्या विमानात हा मित्र गेला, ते जे. आर. डी. टाटा तेव्हा एअर इंडियाचे अध्यक्ष होते. त्यांच्या मनावर काय ओझे असेल, याची कल्पनाच करावी. पण संस्था थांबल्या नाहीत. ‘अप्सरा’नंतर अनेक भट्ट्या आल्या, तारापूरला १९६९ मध्ये अणुवीज सुरू झाली, थुंब्याच्या छोट्या अग्निबाणापासून आपण चंद्रापर्यंत गेलो. माणूस जाऊनही काम चालावे, अशी बांधणी त्याने करून ठेवली होती.

म्हणून मला विचाराल तर माझे उत्तर सरळ आहे. तो अपघात होता, आणि टाळता येण्यासारखा होता. ज्याने आयुष्यभर तर्काला मोजमापाची कसोटी लावली, त्याच्या मृत्यूलाही आपण तीच कसोटी लावावी. ऐकीव कथेपेक्षा चौकशीच्या कोरड्या अहवालात त्या माणसाचा अधिक मान राखला जातो.